हात पुढे करण्याआधी



शेगावला गजानन महाराजांच्या संस्थानात महाप्रसादाच्या पंगतीला कोणीही बसतो. उरुसाला दर्ग्यात नियाज वाटतात, तेव्हा वाटणारा कोणाला नाव विचारत नाही. गुरुद्वाऱ्याच्या लंगरचेही तेच. देवाच्या दारी जे वाटले जाते ते सगळ्यांचे. ते नाकारू नये, आणि घरी कोणी मागे राहिले असेल तर त्याच्यासाठी थोडे पदरात बांधून न्यावे, ही शिकवण मला शाळेत नाव घालण्यापूर्वीच मिळाली होती.

या शिकवणीनेच एकदा माझी पंचाईत केली.

वीस-बावीस वर्षे झाली असतील. एका कॅथलिक मित्राच्या बहिणीचे लग्न होते. चर्चमध्ये मिस्सा चालली होती. थोड्या वेळाने लोक उठून वेदीपुढे रांगेत उभे राहू लागले. आपण बसून राहिलो तर यजमानांना वाईट वाटेल, म्हणून मीही रांगेत गेलो. पुढच्याचे पाहून हात पुढे केले. तळहातावर एक पातळ, पांढरी, गोल चकती आली. त्या दिवसांत अम्मी आजारी होती. तिच्यासाठी तबर्रुक म्हणून मी ती चकती रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली.

जागेवर येऊन बसतो न बसतो तोच एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले. निवृत्त शिक्षक होते, रविवारी मुलांना धर्मशिक्षण देत. त्यांनी हात जोडले आणि हळूच म्हणाले, ‘भाऊ, ते घरी नेता येत नाई. माह्याजवळ द्या.’ मी रुमाल काढून दिला. तळहातावर रुमाल, रुमालावर ती चकती, आणि मास्तर असे चालत गेले की जणू वाऱ्यातून पेटती समई नेत आहेत. मला दरदरून घाम फुटला. आपण काहीतरी मोठे चुकलो, एवढेच कळले. काय चुकलो ते मात्र कळेना.

जेवणाच्या वेळी मास्तर मुद्दाम माझ्या शेजारी बसले. मी माफी मागू लागलो, तर म्हणाले, ‘तुमची काई चूक नाई. आमी सांगतलंच नाई, तं तुमाले कसं मालूम राहीन?’

आजचे माझे बोलणे मास्तरांच्या या वाक्याबद्दल आहे.

मास्तरांकडून आणि पुढे वाचनातून मला जे समजले ते आधी सांगतो. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू शिष्यांबरोबर जेवायला बसला. हातातली भाकर हे आपले शरीर आणि प्याल्यातला द्राक्षारस हे आपले रक्त, असे त्याने सांगितले. ही घटना सगळेच ख्रिस्ती मानतात. तिच्या अर्थापाशी मात्र वाटा फुटतात. आपले अकोला हे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या प्रॉटेस्टंट मिशनचे जुने केंद्र. त्या परंपरेत प्रभुभोजन हे येशूच्या बलिदानाचे पवित्र स्मरण आहे. कॅथलिक चर्चची शिकवण याहून वेगळी आहे. धर्मगुरूने मिस्सेत ते शब्द उच्चारल्यावर भाकरीचे रूप, रंग आणि चव तशीच राहते, पण ती मुळात जे आहे तेच बदलते. ती भाकर उरत नाही, ख्रिस्ताचे शरीर होते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये ही शिकवण नेमक्या शब्दांत मांडली. ती चकती फक्त गव्हाचे पीठ आणि पाणी यांची असते. मीठ नाही, साखर नाही, खमीर नाही. पण श्रद्धावान कॅथलिक तिच्याकडे पीठ म्हणून पाहत नाही.

माझी श्रद्धा वेगळी आहे. ही शिकवण मी मानतो असे नाही. पण ती एकदा समजली की पुढचे सगळे नियम आपोआप उलगडतात. ती चकती खिशात का ठेवायची नाही, घेतल्यावर तिथेच, देणाऱ्यासमोर का सेवन करायची, हे वेगळे सांगावे लागत नाही. ती घेणारा बाप्तिस्मा झालेला कॅथलिक असावा. काही अपवाद आहेत, पण सर्वसाधारण नियम हाच. मनात गंभीर पाप डाचत असेल, तर त्याने आधी धर्मगुरूजवळ पापनिवेदन करावे. निदान एक तास आधीपासून खाणेपिणे बंद असावे. पाणी आणि औषध चालते, आजारी आणि वृद्धांना सूट आहे. संत पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रातच बजावले आहे की, माणसाने आधी स्वतःला पारखावे आणि मग या भोजनाला बसावे.

हे नियम परक्यांना दूर ठेवण्यासाठी आहेत, असा माझा प्रथम समज झाला होता. पण ते घरच्यांनाही तितकेच लागू आहेत. मिस्सेला बसलेल्या प्रत्येक कॅथलिकाने प्रत्येक वेळी उठून रांगेत जावेच, असे बंधन नाही. १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून वर्षातून किमान एकदा, ईस्टरच्या काळात, ते घ्यावे एवढी अट आहे. घटस्फोटानंतर चर्चबाहेर दुसरे लग्न केलेले कितीतरी कॅथलिक रांगेत न जाता बाकावर बसून राहतात. त्यांच्या दुःखाचा विचार कसा करावा यावर पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये लिहिले, आणि त्यावर चर्चमध्ये बराच वादही झाला. मिस्सेला येऊन बसायला मात्र कोणालाच मनाई नाही.

आता प्रश्न असा की, हे सगळे माणसाला कळणार कसे? त्या चकतीकडे पाहून तर काहीच कळत नाही. डोळ्यांना दिसते एक आणि श्रद्धा सांगते दुसरेच. म्हणून इथे शिकवण ही जोडीला घेतलेली वस्तू नाही, तिच्याशिवाय तो संस्कारच पोहोचत नाही. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये मुलांच्या पहिल्या कम्युनियनचे वय सात वर्षांच्या आसपास आणले. त्याआधी अनेक ठिकाणी मुलांना दहा, बारा, कधी चौदा वर्षांपर्यंत थांबवत. पायस यांनी मुलाकडून पांडित्य मागितले नाही. नेहमीची भाकर आणि ही भाकर यांतला फरक मुलाला समजावा, आणि त्याने ती आदराने घ्यावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. एवढीशी वाटते, पण हीच अट सगळ्यात अवघड.

ती किती अवघड, हे २०१९ मध्ये अमेरिकेत दिसले. प्यू रिसर्च सेंटरने तिथल्या कॅथलिकांची पाहणी केली. ती भाकर खरोखर ख्रिस्ताचे शरीर होते, असे मानणारे जेमतेम एकतृतीयांश निघाले. मला त्याहून महत्त्वाचा वाटला दुसरा आकडा. ४३ टक्के लोक ते केवळ प्रतीक मानत होते, आणि आपल्या चर्चची शिकवणही तीच आहे असे त्यांना वाटत होते. म्हणजे त्यांनी शिकवण नाकारलेली नव्हती, ती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. त्यानंतर अमेरिकेतल्या बिशपांनी २०२२ पासून तीन वर्षांचा उपक्रम हाती घेतला, आणि जुलै २०२४ मध्ये इंडियानापोलिस शहरात मोठा मेळावा भरवला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कॅथलिकांना पुन्हा पहिल्या धड्यापासून सांगावे लागले. मी तर निव्वळ पाहुणा होतो.

आपल्याकडे ही अडचण फार जुनी आहे, आणि तिचे एक उत्तर आपल्या मराठीतच सापडते. अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत १९५५ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. त्याचे मुख्य चर्च संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाचे आहे. हा झेवियर १५४२ मध्ये गोव्याला आला, तेव्हा हातात घंटा घेऊन गल्लोगल्ली फिरे आणि मुलांना जमवून धर्माचे धडे देई. त्याच्यानंतर १५७९ मध्ये इंग्लंडचा फादर थॉमस स्टीफन्स आला. त्याने कोकणीत प्रश्नोत्तरांची धर्मशिक्षणाची पोथी तयार केली, ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापली गेली. पण त्याआधीच, १६१६ मध्ये, त्याचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापून झाले होते. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ.

हे पुराण का लिहिले, याची हकिकत ग्रंथाच्या सुरुवातीलाच आहे. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्री गुरूला म्हणतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरे काही द्या. नुसत्या प्रश्नोत्तरांनी त्याचे मन भरत नव्हते. पाठ केलेले उत्तर जिभेवर राहते, कथा मनात उतरते, हे त्या माणसाने ओळखले होते. स्टीफन्सने ते ऐकले आणि आपल्या ओवीत आदामापासून येशूपर्यंतची कथा सांगितली. पुढे ती चर्चमधून मोठ्याने वाचली जाऊ लागली. स्वर्गासाठी त्याने वैकुंठ हा शब्द बेधडक वापरला. पण सगळेच शब्द त्याने असे बदलले नाहीत. क्रूस आणि साक्रामेंत हे शब्द पोर्तुगीजांकडून आले तसेच ठेवले. शब्द माझा रोजचा सोबती, म्हणून सांगतो, जवळचा शब्द कधी कधी फसवतो. ती चकती म्हणजे प्रसाद, असे मला कोणी सांगितले असते तरी मी ती खिशातच घातली असती. तबर्रुक हा शब्द माझ्या मनात आधीच होता, आणि त्यानेच घात केला.

मिस्सा शतकानुशतके लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेचा दरवाजा उघडला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये आले, आणि अ-ख्रिस्ती मराठी वाचकानेही ते आपुलकीने वाचले. तरी काम संपलेले नाही. चिखलदऱ्याजवळ मरियमपूर ही जुनी कॅथलिक वस्ती आहे. मेळघाटात घरची बोली कोरकू, शाळेची मराठी. सात वर्षांच्या पोराला तो फरक समजवायचा, तर सांगणाऱ्याला आधी पोराची बोली यायला हवी.

हे मी केवळ दुसऱ्यांना उद्देशून बोलत नाही. लहानपणी मी अरबी पाठ अगदी सुरात म्हणत असे. मौलवीसाहेब पाठीवर थाप देत. त्या शब्दांचा अर्थ मात्र मला कळला तो वयाच्या विशीत, कुराणाचे मराठी भाषांतर हाती आले तेव्हा. रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो होतो. जे इतकी वर्षे ओठांवर होते ते त्या रात्री प्रथम मला भेटले. तसे ते अनेकांना भेटतच नाही, कारण कोणी सांगत नाही आणि विचारायची आपल्याला लाज वाटते. एकमेकांच्या सणाला जाणे, शिरखुर्मा आणि फराळ पोहोचवणे आपण छान करतो. एकमेकांना ‘हे काय आहे’ म्हणून विचारणे मात्र राहून जाते.

रांगेतला माणूस पुढे जातो तेव्हा धर्मगुरू त्याला सांगतो की हे ख्रिस्ताचे शरीर आहे, आणि तो ‘आमेन’ म्हणतो. म्हणजे, होय, मला हे मान्य आहे. आमच्या नमाजेतही आम्ही आमीन म्हणतो. त्या दिवशी वेदीपुढे मीही सवयीने आमीन म्हणालो होतो. कशाला होकार देतो आहे, ते मात्र मला ठाऊक नव्हते.

आता मित्राकडे काही कार्य असले की मी मिस्सेला हमखास जातो. रांग लागली की बाकावरच बसून राहतो, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. मास्तर आता नाहीत. मध्यंतरी एका लग्नात माझ्या शेजारचा एक तरुण रांगेकडे पाहून उठू लागला. मी त्याच्या हाताला धरून त्याला खाली बसवले आणि म्हणालो, ‘थांब बाबू, आधी हे काय आहे ते सांगतो.’

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)