पेटणारे तळे आणि जीवशास्त्राचे एक पान

बंगळूर शहराच्या आग्नेयेस बेळ्ळंदूर नावाचे सुमारे ९०० एकरांचे तळे आहे. बांध घालून निर्माण केलेले हे तळे एके काळी शेतीला पाणी आणि कोळ्यांना मासे पुरवीत असे. मे २०१५ मध्ये मात्र त्याच्यावरील फेसानेच पेट घेतला. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेथे पुन्हा आग भडकली. जानेवारी २०१८ मध्ये तर ती विझविण्यासाठी लष्करी जवानांनाही धावून जावे लागले. जे पाणी आग विझविते, तेच पेटावे हे कसे? या कोड्याचे बरेचसे उत्तर उच्च माध्यमिक वर्गाच्या जीवशास्त्रात दडलेले आहे.

‘जैवरासायनिक प्राणवायू-मागणी’ हा त्या पुस्तकातील एक शब्दप्रयोग. विद्यार्थी त्याची व्याख्या पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्याचा अर्थ मात्र सोपा आहे. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो, पण फारच थोडा: २५ अंश सेल्सियस तपमानास समुद्रसपाटीवर लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम. मासे, गोगलगायी व कीटकांच्या अळ्या यांना एवढ्याच शिदोरीवर गुजराण करावी लागते. मैलापाणी येऊन मिळाले की त्यातील सेंद्रिय द्रव्ये जिवाणू खाऊ लागतात, आणि त्या कामी हा प्राणवायू खर्ची पडतो. तो किती लागेल, याचे माप म्हणजे ही मागणी. आपल्या देशात पाण्याचा नमुना २७ अंशांवर ३ दिवस बंद ठेवून ती मोजतात. स्नानायोग्य पाण्यात ती लिटरमागे ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी, असा दंडक आहे.

आता पुन्हा बेळ्ळंदूरकडे वळू. शहराच्या मोठ्या भागाचे सांडपाणी वर्षानुवर्षे या तळ्यात येत राहिले. त्यातील नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी माजली. तिच्या दाट आच्छादनाने पाण्यातील प्रकाश अडला, आणि कुजल्यावर तिनेही प्राणवायूच मागितला. साठा संपताच प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंचे राज्य सुरू झाले. तळाच्या गाळातून ते मिथेन हा ज्वालाग्राही वायू सोडतात. कपडे धुण्याच्या चूर्णांतील द्रव्यांमुळे, सांडव्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचा फेस झाला. मिथेन, तेलकट तवंग, वाळलेले गवत आणि काठावरचा कचरा या साऱ्यांकडे आगीची कारणे म्हणून बोट दाखविले गेले.

तर मग हे जिवाणू आपले वैरी म्हणावयाचे काय? मुळीच नाही. मैलापाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात त्यांनाच कामाला लावतात. टाकीत यंत्राने हवा खेळवितात. जिवाणू घाण खाऊन टाकतात आणि पाण्याची मागणी उतरते. खाली बसलेला गाळ बंद टाकीत कुजविला की तोच मिथेन इंधन म्हणून हाती येतो. सारांश, क्रिया एकच. ती टाकीत घडली तर सेवा, तळ्यात घडली तर संहार. केंद्रात जे घडवावयास हवे होते, ते आपण तळ्यावर सोपविले, हा दोष जिवाणूंचा नव्हे.

विद्यार्थ्यांना हे शाळेतही पाहता येईल. काचेच्या दोन बाटल्या घ्याव्यात. एकीत विहिरीचे व दुसरीत गटाराचे पाणी शिक्षकांच्या देखरेखीखाली काठोकाठ भरावे. दोहोंत मेथिलीन ब्ल्यूचे काही थेंब टाकून घट्ट बुचे लावावीत आणि त्या अंधारात ठेवाव्यात. प्राणवायू संपला की निळा रंग लोपतो. गटाराच्या पाण्यात तो बहुधा लवकर लोपेल. तेच पाणी हवेत हलविले असता निळाई परत येते. ज्याने हा बदल एकदा पाहिला, त्याला व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

पुढे बेळ्ळंदूरचे सांडपाणी वळवून तळातील गाळ उपसण्याचे काम हाती घेण्यात आले. परंतु गाळ उपसणे हा झाल्या हानीवरचा उपाय होय. येणारे पाणी आधी शुद्ध करणे, हाच खरा उपाय. आपल्या गावच्या तळ्यावर जलपर्णीचा पहिला हिरवा ठिपका दिसेल, तेव्हा त्याचा अर्थ ओळखणारा एक तरी विद्यार्थी काठावर उभा असावा. जीवशास्त्र शिकावयाचे ते यासाठी.