चारच्या पुढचा टाका

विरार लोकलच्या गर्दीत ऑफिसच्या बॅगेचा पट्टा तुटतो, तेव्हा दोरा बहुधा शाबूत असतो. फाटतं ते रेक्झिन, आणि तेही नेमकं शिलाईच्या रेषेवर. टाके बारीक घातले की भोकं जवळजवळ पडतात आणि पोस्टाच्या तिकिटांच्या पानासारखी तिथे फाडायची सोयच होऊन बसते. विरार पूर्वेला चंदनसारसारख्या वस्तीत असा पट्टा शिवायला येतो, तो ज्या काळ्या मशीनवर ब्लाऊज शिवायचा आणि साडीला फॉल लावायचा त्याच मशीनवर. तिचा टाका चार मिलिमीटरच्या आसपास थांबतो. इंचात सहा टाके म्हटले तर हिशेब सव्वाचार मिलिमीटरचा होतो. रेक्झिनला, ताडपत्रीला, जाड गोधडीला सहा मिलिमीटर तरी हवेत. मग मशीनच्या मिस्त्रीला विचारणा होते, टाका लांब करून मिळेल का?

मिळतो, पण आधी पट्टी घेऊन जुना टाका मोजावा. आकडा चारावर असला तरी जाड मालात टाका तीनचाच पडलेला सापडतो. कापड सरकवणाऱ्या दात्यांच्या खाली कापसाचा भुगा दाबून दाबून नमद्यासारखा बसलेला असतो, दाते वर येत नाहीत, माल घसरतो. भुगा काढला, दाते जरा वर घेतले, फूटचा दाब वाढवला की हरवलेला टाका परत मिळतो. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात, असं माझं मत आहे.

उरलेल्यांसाठी मशीन उलटी करावी लागते. घरगुती काळ्या मशीन बहुतेक सिंगरच्या 15 या वर्गाच्या घडणीच्या. आपल्याकडे लुधियानात त्यांचे सुटे भाग आजही बनतात. वरच्या शाफ्टवर एक कॅम असतो. त्याला दुबेळक्याने धरलेला उभा दांडा मागच्या खांबातून खाली उतरतो. कॅम त्याला डोलवतो, पण त्या डोलण्याने दाते सरकत नाहीत. दांड्याच्या मध्यावरची गोटी एका खाचेत फिरते आणि टाक्याची लिव्हर फिरवली की ही खाच तिरकी होते. खाच तिरकी झाली की डोलणारा दांडा वरखाली होऊ लागतो. ती वरखाली खालच्या आडव्या शाफ्टच्या भुजेला झुलवते आणि दाते पुढेमागे जातात. लिव्हर शून्यावर असेल तर दांडा नुसता डोलतो, कापड जागचं हलत नाही.

सहाचा टाका काढायला दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे लिव्हरला अडवणारी खाच कानशीने घासून पुढे नेणे. काम पटकन होतं, पण आतली खाच तिच्या हद्दीपलीकडे तिरकी झाली की गोटी अडकू लागते. दुसरी वाट खालच्या भुजेत शाफ्टजवळ नवं भोक पाडून ती आखूड करण्याची. दांड्याची वरखाली तेवढीच राहते, पण आखूड भुजा जास्त कोनातून झुलते. इथे शून्य शून्यच राहतं, बाकीचा सगळा आकडा मात्र ताणला जातो. भुजा दोन तृतीयांश केली की चारावर साधारण सहाचा टाका पडतो. मशीनला उलटी शिलाई असेल तर तीही तेवढीच लांबते. मला ही वाट जास्त सरळ वाटते, मात्र भोक तिरकं पाडणाऱ्याच्या हाती ती देऊ नये.

टाका लांबला की दाते प्लेटच्या खाचेच्या टोकाला आपटतात, म्हणून खाच मोठी करायची किंवा दाते घासून आखूड करायचे. त्याहून मोठी अडचण वेळेची. सुई कापडाबाहेर असते तेवढ्यातच माल सरकायला हवा. ती मुदत तीच, अंतर दीडपट. सुई उतरली तरी दाते अजून ओढतच असतील तर सुई वाकते, प्लेटवर आदळते, तुटते. म्हणून कॅम थोडा आधी फिरवून बसवावा लागतो, अठरा नंबरची सुई घ्यावी लागते आणि पायाचा वेग आवरावा लागतो. शटलला मात्र हात लावायचं कारण नाही. त्याची जुळणी सुईशी आहे, टाक्याच्या लांबीशी नाही.

यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी 1924 साली सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला होता. त्यांचं कारण वेगळं होतं; मला ही मशीन आवडते ती पेचकस आणि कानस घेऊन बसलेल्या माणसाला ती काहीच लपवत नाही म्हणून.

तरी सांगायला हवं की रोज दप्तरंच शिवायची असतील तर हा खटाटोप करू नये. वॉकिंग फूटच्या कारखानी मशीनमध्ये वरचा पायही मालाबरोबर चालतो. त्यामुळे रेक्झिनचे दोन थर एकमेकांवर सरकत नाहीत, आणि अशा काही मशीन नऊ मिलिमीटरचा टाका सहज घालतात. बदललेली काळी मशीन परवडते ती आठवड्यातून चार पट्टे आणि एखादी गोधडी येणाऱ्याला. मूळ प्लेट आणि दाते त्यानेही जपून ठेवावेत. रुंद केलेल्या खाचेत पातळ कापड सुईबरोबर खाली ओढलं जातं. व्हॉइलचा ब्लाऊज शिवायला घेतला की जुनी प्लेट आणि मूळ दाते परत बसवावे लागतात.