परदेशस्थ सहहिस्सेदाराचें मुखत्यारपत्र : रीत व खर्च

मालवण, देवगड, वेंगुर्लें या किनाऱ्यावरील कोणत्याही गांवचा सातबारा उतारा हातीं घ्यावा, तर एकेका गटावर अनेक सहहिस्सेदारांचीं नांवें आढळावींत, ही आमच्या वाचकांस नित्याची गोष्ट आहे. पूर्वीं त्यांपैकीं कित्येक जण मुंबईच्या गिरण्यांत व गोदींत असत. आज कांहीं मस्कत, दुबई, कुवेत येथें, तर कांहीं त्याहूनही दूर आहेत. कलमांची बाग राखणारा भाऊ गांवीं राबतो. परंतु वाटणी करावयाची किंवा एखादा गट विकावयाचा म्हटला, कीं परदेशांतील भावाच्या सहीवांचून काम अडून राहतें. ही अडचण दूर करण्याचें साधन म्हणजे मुखत्यारपत्र होय. त्यास लागणारी वकिलातीची फी शेतकऱ्यास बुडविणारी नसते. बुडवितो तो चुकीच्या रीतीनें केलेला कागद. यास्तव या विषयाचा विचार थोडा तपशिलानें करणें अवश्य आहे.

दस्त नोंदणीस सादर करण्याचा अधिकार देणारें मुखत्यारपत्र कसें असावें, हें १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या ३३ व्या कलमांत सांगितलें आहे. तें देणारा इसम भारतांत राहत नसेल, तर त्यानें तें नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, मॅजिस्ट्रेट, अथवा भारतीय कॉन्सल किंवा उपकॉन्सल यांच्यासमोर करून त्यांजकडून प्रमाणित करून घेतलें पाहिजे. साध्या कागदावर सही करून टपालानें पाठविलेलें पत्र, मग तें सख्ख्या भावाचें कां असेना, दुय्यम निबंधकांच्या कचेरींत या कामीं उपयोगी पडत नाहीं. परदेशांतील आपल्या वकिलातींस शपथ देण्याचा, नोटरीचीं कामें करण्याचा व त्याबद्दल फी घेण्याचा अधिकार १९४८ च्या कायद्यानें दिलेला आहे.

यावरून दोन मार्ग निष्पन्न होतात. पहिला मार्ग वकिलातीचा. भावानें पासपोर्ट घेऊन स्वतः तेथें जावें व अधिकाऱ्यासमोर सही करावी. सही आधींच करून नेऊं नये. फीचे दर भारत सरकार ठरवितें व ती त्या त्या देशाच्या चलनांत घेतली जाते. जेथें अर्ज घेण्याचें काम खाजगी कंपनीकडे सोंपविलेलें आहे, तेथें तिची सेवा-आकारणी निराळी पडते. याशिवाय भारतीय समाज कल्याण निधीसाठीं एक लहानशी रक्कम घेतली जाते. हा निधि २००९ सालीं स्थापन झाला असून परदेशांत संकटांत सांपडलेल्या कामगारांस साह्य करणें, मृताचें शव मायदेशीं आणणें अशा कामीं त्याचा विनियोग होतो. आखातांत ज्यांचीं मुलें आहेत, त्यांनीं ही रक्कम वायां गेली असें मानूं नये.

दुसरा मार्ग तेथील नोटरीचा. नोटरीसमोर सही करून त्यावर त्या देशाच्या सरकारकडून ‘अपोस्टिल’ नांवाचा दाखला जोडून घ्यावयाचा. ही पद्धति ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग येथील करारानें सुरू झाली व भारतास ती १४ जुलै २००५ पासून लागू झाली. आखातांतील ओमान २०१२ सालीं, बहरीन २०१३ सालीं व सौदी अरेबिया २०२२ सालीं या करारांत आले. संयुक्त अरब अमिराती, कुवेत व कतार हे देश त्यांत नाहींत. तेथें नोटरीचा कागद परराष्ट्र खात्यांतून व पुढें वकिलातींतून न्यावा लागतो आणि प्रत्येक पायरीस फी पडते. म्हणून या तीन देशांतील भावानें सरळ आपल्याच वकिलातींत जाणें सोयीचें. दोन गोष्टी मात्र ध्यानांत ठेवाव्या. वकिलातीनें स्वतः केलेल्या कागदास अपोस्टिल लागत नाहीं, कारण असे कागद करारानेंच वगळले आहेत. तसेंच, अपोस्टिल केवळ सही, हुद्दा व शिक्का यांची साक्ष देतें. आंतील मजकूर खरा आहे, असें तें सांगत नाहीं.

कागद गांवीं आला म्हणजे काम संपलें, अशी समजूत कित्येकांची असते, व येथेंच नुकसान होतें. महाराष्ट्र मुद्रांक कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणें राज्याबाहेर झालेला दस्त राज्यांत प्रथम आल्यापासून तीन महिन्यांच्या आंत त्यावर मुद्रांक लावून घेतां येतो. मुदत टळल्यास दंडाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून पाकिटावरील टपालाची तारीख हाच आपला पुरावा समजून तें पाकीट जपून ठेवावें, व ओरोस येथील मुद्रांक कचेरींत कागद वेळीं दाखल करावा.

मुद्रांकाची रक्कम मुखत्यार कोण, यावरही अवलंबून असते. जमीन विकण्याचा अधिकार मोबदल्याशिवाय आईबाप, भाऊ, बहीण, पतिपत्नी, मुलें, नातवंडें अशा जवळच्या नात्यांत दिला, तर थोडी ठराविक रक्कम पुरते. तोच अधिकार तिऱ्हाइतास दिला, तर बाजारभावावर खरेदीखताइतकें शुल्क पडूं शकतें. दलालाच्या नांवें कुलमुखत्यारपत्र करून देणाऱ्यानें हा फरक प्रथम पाहावा. अशा पत्रानें मालकी हस्तांतरित होत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑक्टोबर २०११ रोजीं सूरज लॅम्प खटल्यांत स्पष्ट केलें आहे. शिवाय देणारा मृत्यु पावला, कीं सामान्यतः मुखत्यारी संपते. पुढें वारसांकडून नवा कागद घ्यावा लागतो.

उलट दिशेनें, येथील जन्माचा वा विवाहाचा दाखला परदेशीं पाठवावयाचा असेल, तर त्यावर आधीं राज्य सरकारचें साक्षांकन व मग परराष्ट्र मंत्रालयाचें अपोस्टिल लागतें. मंत्रालयाची अपोस्टिलची फी ५० रुपये ठेवलेली असून स्वीकारणाऱ्या कंपनीची आकारणी वेगळी असते. करारांत नसलेल्या देशासाठीं अपोस्टिलऐवजीं साधें साक्षांकन होतें व नंतर त्या देशाच्या वकिलातीची फी भरावी लागते. मध्यस्थ हजारों रुपये मागूं लागला, तर त्यांतील सरकारी फी किती व त्याची मेहनत किती, हें पावत्यांसह विचारून घ्यावें.

खर्च वांचविण्याचे उपायही आहेत. एकाच मुखत्यारपत्रांत सर्व गट क्रमांक, क्षेत्र, गांव व तालुका सातबाऱ्याप्रमाणें बिनचूक लिहावे, म्हणजे दुसऱ्या कागदाची फी वांचते. अधिकार कामापुरताच द्यावा. वाटणीसाठीं दिलेल्या पत्रांत विक्रीचा शब्द घालूं नये. आणि भाऊ चतुर्थीस घरीं येणार असेल, तर सर्वांत स्वस्त मार्ग हाच कीं, सर्व हिस्सेदारांनीं एकत्र बसून जमीन महसूल संहितेच्या ८५ व्या कलमान्वयें सरस-निरस मानानें वाटप ठरवावें व तहसीलदारांकडे संमतीचा अर्ज समक्ष द्यावा. मग परदेशांतून सही मागविण्याची पाळी पुढील पिढीवर क्वचितच येईल.