पावसामागून येणारे पतंग



पूर्व आफ्रिकेंतील शेतकरी पहिल्या पावसाची वाट आतुरतेनें पाहतो आणि त्याच पावसामागून येणाऱ्या एका शत्रूची धास्तीहि बाळगतो. हा शत्रु म्हणजे आफ्रिकी लष्करी अळी. मका, ज्वारी, बाजरी, भात आणि कुरणांतील गवत हें तिचें खाद्य. काल हिरवेंगार असलेलें शेत थोड्याच दिवसांत नुसत्या काड्यांचें होतें. इतक्या अळ्या जमिनींतून निघाल्या कीं आकाशांतून पडल्या, असा प्रश्न कोणासहि पडावा. दुसरी कल्पनाच सत्याच्या अधिक जवळ आहे.

अळीचा पतंग करड्या रंगाचा असून पंख पसरले असतां जेमतेम ३ सेंटिमीटर भरतो. तो रात्रीं उडतो आणि वाऱ्याबरोबर शेंकडों किलोमीटर जातो. जेथें दोन दिशांचे वारे एकमेकांस भिडतात, तेथें हवा वर चढते, ढग जमतात आणि पाऊस कोसळतो. तेच वारे विखुरलेल्या पतंगांनाहि एका जागीं लोटतात. पाऊस पडला कीं कोंवळें गवत फुटतें. मादी शेंकडों अंडीं घालते आणि तीं थोड्या दिवसांत उबतात. गर्दींत वाढलेल्या अळ्या हिरव्या न राहतां काळ्या होतात व खाद्य संपतांच थव्यानें पुढें सरकतात. शेवटीं त्या जमिनींत कोष करितात. त्यांतून निघालेले पतंग पुनः वाऱ्यावर स्वार होतात.

हा प्रवास ऋतुमानास धरून चालतो. केनिया व टांझानियांत बहुधा वर्षअखेरीच्या पावसाबरोबर त्याचा आरंभ होतो. पावसाचा पट्टा उत्तरेस सरकतो, तशा पुढील पिढ्या इथिओपियाकडे जातात. कधीं समुद्रापलीकडे येमेनपर्यंतहि पोहोंचतात.

लहान अळ्या सहसा नजरेस पडत नाहींत. दिसूं लागतात तेव्हां बरेंच पीक गेलेलें असतें. म्हणून पतंग मोजणें हाच खरा उपाय. मादीच्या गंधासारखें द्रव्य सापळ्यांत ठेवून नर पकडतात. पतंगांची संख्या वाढली आणि पाऊसहि झाला, कीं धोक्याची सूचना द्यावयाची. टांझानियांतील कांहीं गांवांत हें काम गांवकऱ्यांनाच शिकविण्यांत आलें. सापळा, पर्जन्यमापक आणि नोंदवही एवढ्या साधनांवर शेतकऱ्यास कांहीं दिवस आधीं इशारा मिळतो, आणि तेवढ्या अवधींत अळी लहान असतांनाच तिचा बंदोबस्त करतां येतो.

आपल्याकडे २०१८ सालीं मक्यावर आलेली अमेरिकन लष्करी अळी हिचीच जवळची नातलग आहे. तिचेहि पतंग दूरवर उडतात. यासाठीं अळी दिसण्याची वाट न पाहतां पतंगांवर नजर ठेवावी, हा आफ्रिकेचा धडा आपणांसहि उपयोगी आहे.