त्या मोटरी कमजोर नव्हत्या

गेल्या महिन्यात पेणच्या दादाच्या मुलाने आमचं सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन, विकलं. दादा सुतार, मी डोलवीच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. दोघांनी मिळून ते मशीन त्याच्या पडवीत उभं केलं होतं. दादाला जाऊन दोन वर्षं झाली, पडवी अडते, तेव्हा विकणं रास्तच. पण टेम्पोत चढवताना मुलगा सहज बोलून गेला, "काका, तशाही त्याच्या मोटरी कमजोरच होत्या ना?" ते मला लागलं. अजून लागतंय.

मशीनच्या आधीची वर्षं पाळ्यांत गेली. २०१० च्या अखेरीस आमचा इस्पात कारखाना जेएसडब्ल्यूकडे गेला, पुढच्याच वर्षी महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झालं, वडखळ नाक्यावरची कोंडी वाढली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आमचं खरं दशक २०१४ पासूनचं. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी २००९ मध्ये अशी मशीन चालवणारा ग्रबल नावाचा प्रोग्रॅम लोकांना मोफत दिला होता. तो साध्या आर्डुइनो उनो बोर्डावर चालतो, एवढ्या भरवशावर आम्ही लॅमिंग्टन रोडवरून ४२ मिलिमीटर चौकोनी तोंडाच्या तीन स्टेपर मोटरी आणि त्यांना प्रवाह देणारे ए४९८८ ड्रायव्हर आणले. पहिल्याच दिवशी सागवानाच्या फळीत बिट उतरलं आणि मोटर गुरगुरून थबकली. क्षणभराने पुन्हा चालली, पुन्हा थबकली.

तेव्हा ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, ड्रायव्हरवरचा बारका पेच फिरवा आणि ०.८ व्होल्ट ठेवा. दुकानदाराने तेच सांगितलं, पैसे घेऊन शिकवणाऱ्या एका गृहस्थानेही तेच. या आकड्यावर माझा राग आहे, आणि तो आज मांडतोच. ड्रायव्हर मोटरला किती प्रवाह देणार हे एकट्या व्होल्टवर ठरत नाही. बोर्डावर तीळभर आकाराचे दोन रोध असतात. त्यांवर आर१०० छापलं असेल तर ते ०.१ ओहमचे, आणि ०.८ व्होल्टला प्रवाह १ अँपिअर. आर०५० असेल तर त्याच ०.८ व्होल्टला २ अँपिअर. आमच्या बोर्डावर आर०५० होतं, आणि मोटर दीड अँपिअरची. चिप तापायची, स्वतःला वाचवायला बंद पडायची, निवली की पुन्हा सुरू व्हायची. आम्हाला वाटायचं जोर कमी पडतोय, म्हणून पेच आणखी पुढे. असे दोन ड्रायव्हर जाळले.

शेवटी एका रात्री दादाने भिंग आणलं आणि तो रोध वाचला. व्होल्टला आठपट रोधाने भागायचं, एवढाच हिशेब. पेच ०.४५ वर आणला, म्हणजे साधारण १.१ अँपिअर, आणि चिपवर छोटी पट्टी बसवून पंखा लावला. मशीनने फळी पार केली. प्रवाह निम्म्यावर आणला तेव्हा कुठे ते चाललं.

मग वाय अक्षाचा स्क्रू. बाजारात दोन स्क्रू दिसायला सारखे, एक चार आट्यांचा, फेऱ्याला ८ मिलिमीटर सरकणारा, दुसरा एका आट्याचा, २ मिलिमीटरचा. एक्सला पहिला होता, वायला दुसरा मिळाला होता. मोटरचे फेऱ्याला २०० स्टेप, त्यांचे सोळा-सोळा तुकडे, म्हणजे ३२००. पहिल्या स्क्रूला मिलिमीटरमागे ४००, दुसऱ्याला १६००. तो आकडा आम्ही नीट भरला. पण मिनिटाला ३००० मिलिमीटर मागितले की एक्सची मोटर ३७५ फेरे घेई आणि वायला १५०० घ्यावे लागत. मोटरवर छापलेला किलो-सेंटिमीटरचा जोर उभ्या मोटरचा असतो. वेग वाढला की कॉइलमध्ये प्रवाह भरायला वेळच उरत नाही, जोर ओसरतो आणि ती किंचाळून अडकते. १२ व्होल्टच्या जागी २४ व्होल्टचा सप्लाय लावला, स्क्रू बदलला, तेव्हा वाय धावू लागला. मोटर तीच होती.

२०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली आणि आमचं मशीन एकदम कामाचं झालं. गणपतीचं मखर आता प्लायवूड आणि एमडीएफमध्ये हवं होतं, आणि पेणमध्ये गणपती म्हणजे काय ते सांगायला नको. ऑगस्टमध्ये दादाच्या पडवीत पाटांची चळत लागे. नेमकं तेव्हाच मशीन चुकू लागलं. कमानीची वरची नक्षी खालच्या नक्षीवरून ४ मिलिमीटर सरकलेली.

बिटाच्या जागी बॉलपेन बांधून आम्ही रात्रभर चौकोन काढले. चूक लांबीच्या प्रमाणात वाढली तर स्टेपचा आकडा चुकला. वेग कमी केल्यावर गेली तर जोर अपुरा. दिशा जितक्यांदा बदलली तितकी साचली तर सिग्नलचा वेळ किंवा वायरिंग. आमची चूक वेग कमी केला की जात होती, पण मे महिन्यात त्याच वेगाला नव्हती. दादाने वीज बंद करून स्क्रू हाताने फिरवला. एका टोकाला तो जड होता. धरमतर खाडीची खारी हवा, पावसाची ओल, आणि आट्यांत गंज. रॉकेल, ब्रश, ग्रीस. सकाळी कमान जुळली. वीज बंद करून हाताने फिरवायचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. रंध्याची धार अंगठ्याने बघणाऱ्या माणसाचा तो हात होता, आणि तसा हात मी नंतर पाहिला नाही.

आता पोरं एन्कोडरवाल्या मोटरी लावतात. स्टेप चुकली की त्या स्वतः भरून काढतात, नाही जमलं तर थांबतात. चांगली सोय आहे, मी नको म्हणत नाही. पण गंजलेला स्क्रू गंजलेलाच राहतो, मोटर त्याच्याशी झगडत तापत राहते, आणि फोन येतो की "काका, तुमची सेटिंग पाठवा." माझी सेटिंग माझ्या स्क्रूची आणि माझ्या मशीनच्या वजनाची. ती तुमच्या मशीनला कशी लागणार?

परवा मशीन घेणाऱ्या रोह्याच्या मुलाचा फोन आला. वाय अडकतोय, मोठी मोटर मागवू का, विचारत होता. पडवीत ते मशीन दोन पावसाळे नुसतं उभं होतं. मी त्याला वीज बंद करून स्क्रू हाताने फिरवायला सांगितलं. रविवारी मल्टिमीटर, भिंग आणि ग्रीसचा डबा घेऊन पेणहून दिवा-रोहा गाडी धरणार आहे. तोवर मोटर बदलू नकोस, असं त्याला बजावलंय.