कॉम्प्युटर द्यायचा, पण कोरा करून!

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आवराआवरीत कुठली भांडी मोडीत काढायची, कुठले स्वेटर कुणाला द्यायचे, हे आपण बरोबर ठरवतो. जुनी पर्स देतानासुद्धा कप्पे चाचपून बघतो. कॉम्प्युटर मात्र वायरी गुंडाळल्या की दिला!

१४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टनं ‘विंडोज १०’चा सपोर्ट बंद केला. घरोघरच्या बऱ्याच जुन्या मशीनवर ‘विंडोज ११’ चालत नाही. त्यामुळे सिडकोतल्या आमच्या मुलींच्या वर्गाला कॉम्प्युटर देणारे वाढले. देणाऱ्यांचं मन मोठं, त्यात शंका नाही. पण अशाच एका मशीनवर पोरी मराठी टायपिंग शिकत होत्या. एकीनं फोल्डर उघडलं, तर त्या घरच्या सुनेचे मूल होण्यासाठीच्या उपचारांचे रिपोर्ट, नाव-पत्त्यासकट! आणि वर्गातल्या एकीची आई त्याच घरी धुण्याभांड्याला जाणारी. मी मशीन तिथल्या तिथे बंद केलं, पोरींना समजावलं आणि सुनेला बोलावून तिच्याच हातानं सगळं पुसून घेतलं. बिचारी एक शब्द बोलली नाही. सासूबाईंनी तर छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘‘अहो ताई, सगळं डिलीट केलंय!’’

डिलीट केलं की फाईल नुसती रिसायकल बिनमध्ये जाते. तिथूनही काढली तरी बहुतेक वेळा पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी, तसंच ते. पानं जागच्या जागी असतात आणि वाचणाऱ्याला वाचता येतात.

मग करायचं काय? ‘विंडोज १०’मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी असं गेलं की ‘रिसेट धिस पीसी’ सापडतं. ‘विंडोज ११’मध्ये रिकव्हरी हे सिस्टीमखाली आहे. तिथे ‘कीप माय फाइल्स’ आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ असे दोन पर्याय येतात. मशीन दुसऱ्याला द्यायचं असेल तर दुसराच निवडा. पुढे ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘क्लीन डेटा’ सुरू करा, तो आपणहून सुरू नसतो. याला काही तास लागतात, म्हणून वीज जाण्याचा वार टाळा आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच ठेवा.

इथे एक मेख आहे. आपल्याकडे दुकानदार हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतात आणि आपण फोटो ‘डी’मध्ये साठवतो. रिसेटमध्ये ‘सगळ्या ड्राइव्ह’ असं निवडलं नाही, तर फक्त विंडोजचा भाग पुसला जातो. लग्नाचे, बारशाचे फोटो ‘डी’मध्ये तसेच! मशीन असेंबल केलेलं असेल तर ‘कंपनीतून आलं तसं’ याला तसा अर्थही नाही, कारण ते कंपनीतून आलेलंच नसतं. पण पुसायची रीत हीच.

पुसण्याआधी आपलं काढून घ्यायचं, ते पेन ड्राइव्हवर आणि शिवाय दुसरीकडेही. बचत गटाच्या बायकांना खास सांगते. जुने ठराव, अर्ज श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाईप केलेले असतात. फाईल नीट कॉपी होते, पण नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की ‘अध्यक्षा’च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. म्हणून जुन्या मशीनवरच फाईल उघडून पीडीएफ करा. पुढे मजकूर बदलायचा असेल तर युनिकोडमध्ये करून घ्या. पोरांना सांगितलं की ‘‘आई, नंतर बघू’’ म्हणतात. त्यांच्या नंतरवर विसंबू नका, स्वतः समोर बसा.

आणि मशीन सुरूच होत नसेल तर? २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. असं सामान भंगाराच्या गाडीवर न टाकता अधिकृत संकलन केंद्रात द्यायचं. त्याआधी हार्ड डिस्क तेवढी काढून घ्या. डेस्कटॉपची असेल तर रिपेअरवाला चार स्क्रू काढून पाच मिनिटांत हातात ठेवतो.