जाहिरातीतले ‘२०२२ मॉडेल’ नेमके कोणत्या महिन्याचे?

‘२०२२ मॉडेल, एकच मालक, कमी चाललेली.’ जुन्या आलिशान इलेक्ट्रिक गाड्यांच्या जाहिरातीत बहुधा एवढेच असते. नवी असताना कोटीच्या घरात गेलेली मर्सिडीज ईक्यूसी किंवा जग्वार आय-पेस आता बरीच उतरलेल्या किमतीला मिळते. मुंबईहून ‘समृद्धी’ने एका दिवसात नागपूर, तिथून साठेक किलोमीटरवर भंडारा. तुमसरच्या एखाद्या राईस मिलवाल्याला मोह पडावा असाच हा सौदा आहे. पण जाहिरातीतल्या तीन गोष्टींपैकी पहिलीच सगळ्यांत कच्ची आहे.

आपल्याकडे ‘मॉडेल’ म्हणून बहुतेक वेळा नोंदणीचे वर्ष सांगितले जाते. गाडी कारखान्यातून कोणत्या महिन्यात बाहेर पडली ही बाब वेगळी, आणि तीही आरसीवर छापलेली असते. जहाजाने आलेल्या गाडीत या दोन तारखांमध्ये काही महिन्यांचे अंतर सहज पडते. अमेरिकेत तर पुढच्या वर्षाचे मॉडेल आदल्या वर्षीच विक्रीला येते. त्यामुळे तिकडच्या यादीत ‘२०२१चे मॉडेल चांगले’ असे वाचून इकडे २०२१ची नोंदणी शोधणाऱ्याच्या हाती भलतीच गाडी लागू शकते.

ह्युंदाई आयोनिक ५ आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये ४४.९५ लाख रुपयांना आली. तिच्यातला आयसीसीयू नावाचा भाग मोठ्या बॅटरीतून छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीला वीज पुरवतो. तो बिघडला की छोटी बॅटरी उतरते आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी रस्त्यात थांबते. २०२४ मध्ये कंपनीने भारतातल्या १,७४४ गाड्या या कारणासाठी परत बोलावल्या. त्या तयार झाल्या होत्या २१ जुलै २०२२ ते ३० एप्रिल २०२४ या काळात. म्हणजे यादी सुरू होते ती गाडी बाजारात येण्याच्या कितीतरी आधीपासून. नोंदणी २०२३ची, घडण २०२२ची, आणि दोष ठरतो तो घडणीच्या तारखेवर. किया ईव्ही६ मध्येही हाच भाग, हीच तक्रार, आणि तिथेही रिकॉल ठरला तो उत्पादनाच्या तारखांवरूनच.

ही गोष्ट भंडारा जिल्ह्यात समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. वरठीच्या सनफ्लॅग कारखान्यात वाहन उद्योगासाठी मिश्र पोलाद बनते. पोलादाच्या धंद्यात प्रत्येक वितळीला ‘हीट नंबर’ असतो. पुढे एखाद्या सुट्या भागाला तडा गेला तर ‘या कारखान्याचे पोलाद वाईट’ असे कोणी म्हणत नाही. कोणत्या हीटचा माल, हे आधी शोधतात. गाडीच्या बाबतीत मात्र आपण सरसकट कंपनीचे नाव घेऊन मोकळे होतो. माझ्या मते ‘ही गाडी भरवशाची आहे का’ हा प्रश्नच अपुरा आहे. भरवसा असतो तो ठरावीक महिन्यांत, ठरावीक भाग बसवून निघालेल्या गाड्यांचा.

मग वर्षनिहाय याद्या पाहायच्याच नाहीत का? पाहाव्यात, पण त्यांनी काय मोजले आहे हे आधी पाहावे. जर्मनीतली एडीएसी ही मोटार संघटना रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या मोजते, तेही पहिल्या नोंदणीच्या वर्षानुसार. दोन ते चार वर्षे वयाच्या गाड्यांचा तिचा २०२४ सालचा हिशेब असा: हजार इलेक्ट्रिक गाड्यांमागे ४.२ वेळा बिघाड, पेट्रोल-डिझेलच्या हजार गाड्यांमागे १०.४ वेळा. तिकडे अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने त्याच वर्षाच्या अखेरीस सांगितले की इलेक्ट्रिक गाड्यांत पेट्रोल गाड्यांपेक्षा ४२ टक्के जास्त तक्रारी आहेत. दोन्ही खरे आहेत. एकाने रस्त्यात अडकलेले लोक मोजले, दुसऱ्याने मालकांना विचारून दाराच्या कडीपासून स्क्रीनपर्यंतची प्रत्येक कुरकुर मोजली. जर्मनीचीच तांत्रिक तपासणी संस्था ट्युफ चाके, सस्पेन्शन, ब्रेक, दिवे तपासते. तिच्या २०२५च्या अहवालात दोन-तीन वर्षे वयाच्या टेस्ला मॉडेल ३ पैकी १४.२ टक्के गाड्यांत मोठे दोष निघाले आणि ती यादीत तळाला गेली. राष्ट्रीय महामार्ग ५३ सोडून गावाच्या रस्त्याला लागणाऱ्याने यांतली कोणती यादी जवळ ठेवावी? माझे उत्तर ट्युफची. अडीच टनांच्या आसपासच्या गाडीचे वजन आपल्याकडच्या खड्ड्यांत आणि गतिरोधकांवर सस्पेन्शनलाच सोसावे लागते.

यादी कधी केली, यालाही महत्त्व आहे. काही दोष वयाबरोबरच उघडे पडतात. टेस्लाच्या २०१२ ते २०१८च्या मॉडेल एस आणि २०१६ ते २०१८च्या मॉडेल एक्समध्ये मधल्या स्क्रीनच्या संगणकाला ८ जीबीची मेमरी चिप होती. तिच्यावर सतत नोंदी लिहिल्या जात. अशी चिप ठरावीक वेळाच पुन्हा लिहिता येते. पाच-सहा वर्षांनी ती संपू लागली, स्क्रीन काळी पडली, मागचा कॅमेरा आणि काचेवरचे धुके घालवण्याची सोयही गेली. २०२१ मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेच्या मागणीवरून कंपनीने सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या. २०१५ ची गाडी २०१७ मध्ये तपासणाऱ्याला यातले काहीच दिसले नसते. ‘तीन वर्षांत एकही तक्रार नाही’ हे वाक्य म्हणूनच अर्धेच आश्वासन देते.

आय-पेसचे उदाहरण अधिक गंभीर आहे. २०१९ मध्ये जगातली सर्वोत्तम गाडी ठरलेली, टाटांच्या मालकीच्या जग्वारची ही गाडी भारतात मार्च २०२१ मध्ये आली. आगीच्या धोक्यामुळे अमेरिकेत २०२३ मध्ये झालेल्या रिकॉलमध्ये २०१९ ते २०२४च्या मॉडेलांतल्या ६,३६७ गाड्या होत्या. पुढच्या वर्षी फक्त २०१९च्या मॉडेलाच्या २,७६० गाड्या वेगळ्या काढून ८० टक्क्यांपर्यंतच चार्ज करा आणि इमारतीपासून दूर उभ्या करा, असे मालकांना सांगण्यात आले. भारतातली २०२१ची गाडी २०१९च्या मॉडेलात बसत नाही, पण तेवढ्यावरून निर्धास्त होणेही बरे नाही. अशा प्रकरणांत वर्तुळ पुढेमागे बदलत राहते. चासी नंबर देऊन कंपनीकडून लेखी उत्तर मागवणे हाच एक मार्ग. आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून सदोष गाड्या परत बोलावण्याचा सरकारी नियम आहे, पण तो सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांपुरता, हे जुनी गाडी घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

बॅटरीची भीती लोकांना सर्वांत जास्त असते, आणि ती थोडी अवाजवी आहे. जिओटॅब या कंपनीने हजारो इलेक्ट्रिक वाहनांच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये काढलेली सरासरी झीज वर्षाला १.८ टक्के होती. मात्र सरासरीत आपला मे महिना नाही. पारा ४५ अंशांवर गेला असताना पूर्ण चार्ज केलेली गाडी दिवसेंदिवस उन्हात उभी राहिली, तर झीज वाढते. मालकाने ती कशी वापरली हे समजण्यासाठी स्क्रीनवरचा ‘रेंज’चा आकडा निरुपयोगी, तो अलीकडच्या चालवण्यावरून बांधलेला अंदाज असतो. सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या क्षमतेचा छापील अहवाल घ्यावा. गाडी रॅम्पवर चढवून बॅटरीच्या खालच्या आवरणावर पोचे किंवा ओरखडे आहेत का ते पाहावे. मुंबईची गाडी असेल तर तुंबलेल्या पाण्यात ती कधी उभी होती का, याचा माग विम्याच्या दाव्यांतून लागतो.

या वर्गात बॅटरीची वॉरंटी साधारण आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, आणि ती मोजली जाते पहिल्या मालकापासून. ईक्यूसी भारतात ऑक्टोबर २०२० मध्ये आली. त्या वेळच्या गाड्यांची वॉरंटी २०२८च्या अखेरीस संपते. ते मॉडेल बंद झाले आहे, आय-पेसचे उत्पादनही थांबले आहे. अशा गाडीत वॉरंटीची निदान तीन वर्षे शिल्लक नसतील तर किमतीची घासाघीस करण्यापेक्षा सौदा सोडून द्यावा, असे मला ठामपणे वाटते. आणि बयाणा देण्याआधी नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला एक फोन करावा: मोठी बॅटरी उघडून दुरुस्त करणारा प्रशिक्षित माणूस तुमच्याकडे आहे, की गाडी ट्रकवर घालून पुण्या-मुंबईला पाठवावी लागते? आणि तो खर्च वॉरंटीत बसतो का?